लोणावळ्याचें पाणी आणि विजेच्या भावाचें शास्त्र

मावळ तालुक्यांत ज्याच्या नांवावर जमिनीचा तुकडा आहे, त्यास टाटांचीं धरणें ठाऊक नाहींत असें होत नाहीं. वळवण, लोणावळा, शिरोता, ठोकळवाडी हीं नांवें जशीं आपल्या जुन्या दप्तरांत आढळतात, तशींच तीं मुंबई शहराच्या विजेच्या इतिहासांतहि आढळतात. परंतु त्या धरणांतील पाण्याची खरी किंमत किती, ती कोणीं व कशी मोजावी, आणि तेंच पाणी खोपोलीस पडून त्याची वीज झाली म्हणजे त्या विजेचा भाव कोणत्या रीतीनें ठरतो, या गोष्टींचा उलगडा आपल्यांतील फारच थोड्यांस झालेला असतो. सात-बाराच्या उताऱ्यांतील एक अक्षर चुकलें तर तलाठ्याकडे चार खेपा घालणारा खातेदार विजेचें बिल मात्र शेवटचा आंकडा पाहून भरतो किंवा थकवितो. मधल्या रकान्यांकडे त्याची नजर जात नाहीं. विजेचा, कोळशाचा, तेलाचा व वायूचा भाव कसा ठरतो आणि कसा ठरावा, याचें आतां एक स्वतंत्र शास्त्र झालें असून त्यास ऊर्जेचें अर्थशास्त्र म्हणतात. या शास्त्राचे अभ्यासक विद्यापीठांत शिकवितात, सरकारास सल्ला देतात, आयोगांपुढें म्हणणें मांडतात. आणि आपल्या पंपाचें बिल, ट्रॅक्टरचें डिझेल व युरियाची गोणी यांच्या किंमती त्यांच्या हिशेबांतून कोठें ना कोठें गेलेल्या असतात. असा अभ्यासक करतो तरी काय, महाराष्ट्रांत असें काम कोणीं केलें, आणि या विद्येचा आपल्या मावळास उपयोग काय, हें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम आपल्या दारचें उदाहरण घेऊं. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० सालीं स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्यें लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्तें कामाची कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारींत खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. पुढें आंदर मावळांतील ठोकळवाडीचें पाणी भिवपुरीस पाडून १९२२ पासून, आणि मुळशीचें पाणी भिरा येथें पाडून १९२७ पासून वीज होऊं लागली. या सर्व कामांत युक्ति एकच आहे. आपल्याकडे पडणारें पाणी स्वभावतः पूर्वेस जावयाचें. इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस आणि शेवटीं बंगालच्या उपसागरास. तें माथ्यावरच अडवून नळांतून पश्चिमेच्या कड्याखालीं सोडावयाचें. पूर्वेकडे तें शेंकडों मैल सावकाश उतरतें. पश्चिमेस तें सुमारें ५०० मीटर, म्हणजे सोळाशें फुटांहून अधिक, एकदम उतरतें. ही उंची हाच त्या पाण्याचा भाव.

जमिनी गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें. त्या कायद्याची रीत महसूल खात्यांत ज्यांनीं दिवस काढले त्यांस पाठ आहे. आसपासच्या खरेदीखतांवरून बाजारभाव काढावयाचा आणि सक्तीच्या घेण्याबद्दल त्यावर शेंकडा १५ चढवावयाचे. पुढें १९८४ सालीं हे १५ चे ३० झाले, आणि २०१३ च्या नव्या कायद्यानें शंभर झाले. पण १९११ काय किंवा १९२१ काय, त्या काळच्या खरेदीखतांत भाताच्या खाचराची किंमत होती. त्याच खाचरावर उभ्या राहणाऱ्या पाण्याच्या उंचीची किंमत कोणत्याहि खतांत असणें शक्य नव्हतें, कारण ती विकत घेणारें दुसरें कोणी नव्हतेंच. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं मुळशी पेट्यांतील मावळ्यांनीं जो सत्याग्रह मांडला, तो आपल्याकडे देशभक्तीचें प्रकरण म्हणून सांगितला जातो व तें योग्यच आहे. तथापि त्याच्या पोटांत भावाचा प्रश्न होता हेंहि विसरतां येत नाहीं. जी वस्तु बाजारांत एकदांच आणि एकालाच विकली जाते, तिचा रास्त भाव कोणता ? या प्रश्नास त्या वेळच्या सरकारी दप्तरांत उत्तर नव्हतें.

आतां पेन्सिल घेऊन एक हिशेब करूं. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५०० मीटर उंचीवरून पडलें तर त्यांत सुमारें १.३६ युनिट शक्ति असते. नळांत व यंत्रांत शेंकडा १५ गेले असें धरलें तर हातीं १.१५ युनिट वीज येते. एका एकरास तीन इंच पाण्याची एक पाळी दिली तर सुमारें ३०८ घनमीटर पाणी लागतें. म्हणजे एका एकराच्या एका पाळीचें पाणी खोपोलीस पडलें तर साडेतीनशें युनिट वीज देतें. गव्हास अशा सहा पाळ्या धरल्या आणि कालव्यांत निम्में पाणी मुरून जातें असें धरलें, तर एका एकरासाठीं धरणांतून सुमारें ३,७०० घनमीटर पाणी सोडावें लागेल. त्याची वीज सव्वाचार हजार युनिट. युनिटास पांच रुपये धरले तर एकवीस हजार रुपये. उलट त्या एकरांत बारा क्विंटल गहू झाला आणि तो २०२५-२६ च्या हंगामाच्या २,४२५ रुपये हमीभावानें गेला, तर एकूण येणार २९,१००. त्यांतून बी, खत, मजुरी, मळणी वजा केली म्हणजे काय उरतें तें वाचकांनीं आपल्या वहींत पाहावें. बहुतेकांच्या वहींत एकवीस हजार उरणार नाहींत.

हा हिशेब आपल्याविरुद्ध गेला म्हणून तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. सभांतून “आमचें पाणी समुद्रांत वाया जातें” असें जें सांगण्यांत येतें, त्यास पुराव्याचा आधार कमी आहे. तें पाणी वीज करून पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांत उतरतें. तेथें तें पिण्यास व कारखान्यांस लागतें, आणि कर्जत तालुक्यांत राजनाल्याच्या कालव्यावर त्याच पाण्यानें भात पिकतो. कोंकणांतला शेतकरीहि शेतकरीच आहे. परंतु वरच्या हिशेबावर जो थांबला तो कारकून. त्यापुढें जो जातो तो अर्थशास्त्रज्ञ. तो विचारतो कीं, ही वीज या पाण्यावांचून दुसऱ्या कशानें झाली असती काय, आणि तिला किती खर्च आला असता ? विजेस पर्याय आहे. कोळसा आहे, ऊन आहे, वारा आहे. भीमेच्या खोऱ्यांतील कोरड्या जमिनीस पाण्यावांचून पर्याय नाहीं. तेव्हां पाण्याची विजेकडील किंमत म्हणजे युनिटाचा विक्रीचा भाव नव्हे, तर तेंच युनिट दुसरीकडून आणतांना जो जादा खर्च पडला असता तेवढीच होय. तो खर्च कधीं तीन रुपये असेल, कधीं दहा असेल. भर दुपारीं तो थोडा, आणि दिवेलागणीस सर्व मुंबई एकदम बटण दाबते तेव्हां फार. म्हणजे एकाच धरणांतील एकाच हजार लिटर पाण्याची किंमत तासातासास निराळी असते. हें ज्यास नीट समजलें, त्यास या शास्त्राचा अर्धा भाग समजला असें आम्ही मानतों.

या विचाराचा पाया महाराष्ट्रांत घालणाऱ्यांत धनंजयराव गाडगीळ यांचें नांव पहिलें घ्यावें लागेल. पुण्यास १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तिचे ते पहिले संचालक. गोदावरी व प्रवरा या कालव्यांमुळें त्या मुलखास प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ कोणते झाले, याची पाहणी त्यांनीं केली व ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. इंग्रजी अमदानींत कालव्याचा नफातोटा पाहावयाचा तो खजिन्यांत जमा झालेल्या पाणीपट्टीवरून. पाणीपट्टींतून भांडवलाचें व्याज सुटलें तर कालवा चांगला, न सुटलें तर वाईट. गाडगीळांनीं शेतकऱ्याचें उत्पन्न, मजुराचे कामाचे दिवस, गुळाचा व साखरेचा धंदा, वाहतूक, बाजारपेठ हें सर्व हिशेबांत धरलें. पाहणी पाण्याची होती, विजेची नव्हे. तरी धरण मोजण्याचा गज त्यांनींच बदलला.

तेलाच्या बाजूस असें काम ज्यांचें आहे, त्यांपैकीं डॉ. विजय केळकर यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. यांचा जन्म १९४२ चा. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून ते १९६३ सालीं पदवीधर झाले. पुढें अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेऊन १९७० सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें विकासाच्या अर्थशास्त्रांत डॉक्टर झाले. जर्मनींत हायडेलबर्ग येथें व नेपाळांत काठमांडू येथें त्यांनीं अध्यापन केलें. नंतर ते दिल्लीस सरकारी कामांत शिरले, पण आय. ए. एस. ची परीक्षा देऊन नव्हे, तर अर्थशास्त्राचे जाणकार म्हणून. १९९४ ते १९९७ या काळांत ते पेट्रोलियम खात्याचे सचिव होते. त्यानंतर अर्थसचिव, मग वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधींत भारताचे प्रतिनिधि, आणि पुढें तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें.

पदव्यांची व हुद्द्यांची ही यादी सांगून आम्हांस थांबावयाचें नाहीं. ते पेट्रोलियम खात्यांत आले तेव्हां तेलाचा भाव कसा ठरत असे तें पाहूं. सरकार भाव ठरवून देई. पेट्रोल महाग, रॉकेल स्वस्त, डिझेल मधोमध. आणि एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यास पुरवावा म्हणून एक सामाईक खातें ठेवलेलें असे. हेतु चांगला होता. गरिबाच्या घरीं चिमणी पेटावी. परंतु रॉकेल स्वस्त व डिझेल महाग असलें म्हणजे रॉकेल चिमणींत न जातां डिझेलच्या टाकींत जातें, हें ज्याच्या इंजिनाचा पंप त्या वर्षांत बिघडला असेल त्यास पुस्तक वाचून कळावयास नको. केळकर सचिव असतांना तेलउद्योगाची पुनर्रचना करण्याचा विचार झाला ; १९९७ सालीं सरकारनें ही ठरीव भावांची पद्धति टप्प्याटप्प्यानें मोडण्याचें ठरविलें आणि १ एप्रिल २००२ रोजीं ती कागदोपत्रीं संपली. कागदोपत्रीं म्हणण्याचें कारण असें कीं, भाव चढूं लागतांच सरकारनें पुन्हा लगाम धरला. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्यें आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्यें खरोखर सुटला. तेल व वायु शोधण्याचे परवाने खुल्या चढाओढीनें देण्याचें जें नवें धोरण १९९७ सालीं मंजूर होऊन १९९९ पासून चालू झालें, त्याचेहि ते एक प्रमुख शिल्पकार मानले जातात.

खुल्या भावानें शेतकऱ्याचें हित झालें कीं अहित, याविषयीं मतभेद आहे. आमचें मत असें कीं भाव खुला झाल्यामुळें भेसळ कमी झाली हा लाभ निश्चित. पण पीक हातीं येण्याच्या आधीं नांगरटीच्या वेळीं डिझेल चढलें तर तो बोजा शेतकऱ्यानें कोठें टाकावा, याचें उत्तर खुल्या बाजारानें अजून दिलेलें नाहीं. व्यापारी आपला बोजा पुढें ढकलतो. शेतकऱ्याच्या पुढें कोणी नसतो.

याच केळकरांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्राच्या प्रादेशिक समतोलासंबंधीं समिति नेमली गेली व तिनें २०१३ सालीं अहवाल दिला. त्यांत जिल्ह्याऐवजीं तालुका हें माप धरलें, हें आम्हांस विशेष वाटतें. तरीहि मावळासारख्या तालुक्यांत तळेगांवचे कारखाने आणि आंदर मावळांतील धरणामागची वाडी यांची सरासरी काढली तर वाडी आपोआप श्रीमंत होते. सरासरीचा हा गुण जमाबंदीच्या कामांत आम्हीं पुष्कळ पाहिला आहे.

आतां विजेकडे वळूं. विजेच्या भावाचें शास्त्र महाराष्ट्रास कडू औषधाप्रमाणें शिकावें लागलें तें दाभोळच्या प्रकल्पामुळें. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशीं राज्य वीज मंडळानें डिसेंबर १९९३ मध्यें करार केला. पुढें तो रद्द झाला, फिरून नव्यानें झाला, १९९९ सालीं ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला, आणि २००१ सालीं मंडळानें ती वीज घेणें बंद केलें. त्या करारांतील मेख अशी कीं, भावाचे दोन भाग होते. एक भाग इंधनाचा ; वीज घ्याल तर द्यावयाचा. दुसरा भाग कारखाना उभा असल्याबद्दलचा. वीज घ्या अगर न घ्या, तो द्यावयाचाच. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर शेजाऱ्याची बैलजोडी वर्षभर दारांत बांधून ठेवल्याचें भाडें द्यावयाचें, मग नांगर धरा वा न धरा. ज्यास बारा महिने नांगरट आहे त्यास हें परवडतें. ज्याची नांगरट पंधरा दिवसांची, त्यास एका दिवसाची बैलजोडी हत्तीच्या भावानें पडते. दाभोळची वीज मंडळानें जसजशी कमी उचलली तसतसें प्रत्येक युनिट महाग होत गेलें. मंडळानें तिला पाठ फिरविली त्याच वर्षीं माधव गोडबोले यांच्या समितीनें या सर्व व्यवहाराची तपासणी करून अहवाल दिला.

या करारांतील आंकडे आधींच, १९९५ सालीं, फोडून दाखविणाऱ्यांत पुण्याच्या प्रयास या संस्थेचे गिरीश संत हे होते. हे प्राध्यापक नव्हेत, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेले अभियंता. पण विजेचें अर्थशास्त्र त्यांनीं असें हस्तगत केलें कीं, प्राध्यापकहि त्यांचे लेख पुढें ठेवून शिकवीत. संस्था १९९४ सालीं निघाली. फेब्रुवारी २०१२ मध्यें, पन्नाशीच्या आंतच, ते वारले. शेतकऱ्यांनीं त्यांचें नांव लक्षांत ठेवावें याचें कारण दाभोळ हें नव्हे. पंप हें आहे.

गोष्ट अशी होती. शेतीच्या पंपांस मीटर नसत. हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी होई. मग शेतीनें एकंदर किती वीज वापरली हें कसें कळावें ? मंडळ तें अंदाजानें लिही. एकूण विजेंतून मीटरवर विकलेली वजा केली म्हणजे जें उरे त्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या असत : शेतीचा खरा वापर, आणि तारांतील गळती व चोरी. गळती मोठी दिसली तर मंडळाची नाचक्की. शेतीचा वापर मोठा दिसला तर ती शेतकऱ्यावर केलेली मेहेरबानी. तेव्हां लेखणी कोणत्या बाजूस झुकली असेल हें ज्यानें दप्तरांत काम केलें आहे त्यास सांगावयास नको. संत व त्यांचे सहकारी शंतनु दीक्षित यांनीं १९९६ सालीं पंपांच्या सवलतीवर लेख लिहून हा घोळ पुढें आणला. पंपांची संख्या, त्यांची शक्ति, चालण्याचे तास, पिकास लागणारें पाणी, असा उलट बाजूनें हिशेब केला म्हणजे मंडळाचा आंकडा टिकत नाहीं, हें दिसूं लागलें. पुढें राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाल्यावर २००० सालीं भावाची पहिली उघड सुनावणी झाली, तेव्हां इतके दिवस पंधरा-अठरा टक्के सांगितलेली गळती तीस टक्क्यांहून अधिक असल्याचें बाहेर आलें. मधला फरक वर्षानुवर्षें शेतकऱ्याच्या नांवावर खर्चीं पडला होता. शहरांतील वर्तमानपत्रें शेतकऱ्यास फुकट्या म्हणत होतीं तीं याच आंकड्यांवरून.

परंतु त्याच लेखाची दुसरी बाजू आपल्यास तितकी गोड नाहीं, आणि तीहि सांगितली पाहिजे. स्वस्त विजेचा लाभ कोणास ? ज्याच्या विहिरीस पाणी व पंपास हॉर्सपॉवर अधिक त्यास, म्हणजे ऊस व बागायत करणारास. ज्याचें भात पावसावर आहे, त्या मावळांतील खाचराच्या धन्यास या सवलतींतून एक पैसा मिळत नाहीं. आज २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या सुमारें ४४ लाख पंपांस पांच वर्षें वीज मोफत करण्यांत आली आहे. मोफत वस्तूस मीटर कोण पाहतो ? मीटर कोणी न पाहिला तर जुना घोळ पुन्हा चालू व्हावयास वेळ लागणार नाहीं, अशी आम्हांस भीति वाटते. म्हणून बिल शून्याचें आलें तरी मीटरचें वाचन वहींत टिपून ठेवावें असें आमचें सांगणें आहे.

पंपाविषयींच आणखी एक हिशेब. वर सांगितलेली तीन इंचांची एकराची पाळी पन्नास फुटांवरून उपसावयाची तर शास्त्राप्रमाणें साडेबारा युनिट पुरतात. प्रत्यक्षांत शंभरांतील तीस भागच कामीं येत असतील तर बेचाळीस युनिट जळतात ; चांगला पंप, मोठा नळ व कमी अडविणारा फूटव्हॉल्व्ह बसवून पन्नास भाग कामीं आले तर पंचवीस. हीं सतरा युनिटें कोणत्याहि नव्या धरणावांचून निर्माण होतात. संतांनीं पंपांच्या या मापावर भर दिला होता तो यासाठींच.

आतांच्या बाजाराची रीत थोडक्यांत सांगतों. २००८ पासून आपल्या देशांत विजेचे सौदे करणारी पेढी चालू आहे. पुणें मार्केट यार्डांत प्रत्येक ढिगाचा लिलाव निराळा व भाव निराळा. विजेच्या पेढींत तसें नाहीं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. प्रत्येक भागासाठीं विकणारांच्या मागण्या स्वस्तापासून महागापर्यंत आणि घेणारांच्या बोल्या चढीपासून उतरत्या लावतात. जेथें दोन्ही ओळी एकमेकींस छेदतात तो भाव सर्वांस एकच. म्हणजे ज्याला दोन रुपयांत वीज पडते त्यासहि शेवटच्या महाग विकणाराचा भाव मिळतो. सूर्याची वीज वाढल्यापासून दुपारच्या भागांत भाव पडतो आणि सूर्य मावळतांच चढतो. पाणी मात्र असें आहे कीं, कणगींतील धान्याप्रमाणें तें भाव येईपर्यंत ठेवतां येतें व कांहीं मिनिटांत वीज करतां येते. कोळशाच्या भट्टीस हें जमत नाहीं.

येथेंच मावळाचा नवा प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट २०२३ मध्यें टाटा पॉवर कंपनीनें महाराष्ट्र शासनाशीं सामंजस्य करार केला. त्याप्रमाणें शिरोता येथें १,८०० मेगावॅटचा व भिवपुरी येथें १,००० मेगावॅटचा, एकूण सुमारें १३,००० कोटि रुपयांचा, पाणी पुन्हा वर चढविण्याचा प्रकल्प योजिला आहे. दुपारच्या स्वस्त विजेनें खालचें पाणी वरच्या धरणांत चढवावयाचें आणि संध्याकाळीं महाग भावानें पुन्हा खालीं पाडावयाचें. वर चढविण्यास शंभर युनिट लागलीं तर परत सुमारें पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. म्हणजे अडीच रुपयांची वीज घेतली तर ती सव्वातीन रुपयांस पडते, वर भांडवलाचें व्याज. संध्याकाळचा भाव याहून पुरेसा वर असला तरच व्यवहार सुटतो. आपल्या खोऱ्यांतील जुन्या सर्व वीजघरांची शक्ति मिळून ४४७ मेगावॅट, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शिरोत्याचा आंकडा केवढा आहे हें कळेल.

या प्रकल्पाविषयीं सरसकट विरोध करावा असें आम्हांस वाटत नाहीं. उलट त्यांत आपल्या बाजूचा एक मुद्दा दडलेला आहे, तिकडे अजून फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. कृष्णा पाणीतंटा लवादानें टाटांच्या वीजघरांसाठीं खोऱ्याबाहेर नेण्याच्या पाण्यास मर्यादा घातली आहे : कोणत्याहि एका वर्षीं ५४.५ टीएमसीहून अधिक नाहीं आणि लागोपाठच्या पांच वर्षांत मिळून २१२ टीएमसीहून अधिक नाहीं. म्हणजे सरासरी वर्षास ४२.४ टीएमसी. वरच्या हिशेबानें या पाण्याची वीज सुमारें १३८ कोटि युनिट होते, आणि तेंच पाणी पूर्वेस धरून ठेवण्यास जागा असली तर सव्वातीन लाख एकर गहू भिजवील. आजवर उत्तर मिळे कीं संध्याकाळच्या मुंबईस हें पाणी पडलेंच पाहिजे. परंतु तेंच पाणी वर-खालीं फिरवून संध्याकाळची गरज भागविण्याची सोय झाली, तर दर वर्षीं नवें पाणी पश्चिमेस सोडण्याची निकड तितकी राहत नाहीं. बाष्प होऊन जाईल तेवढेंच नवें लागेल. मग पावसाळ्यांतील किती पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाट्यास परत यावें, आणि पाताळगंगेवर अवलंबून असणाऱ्या गांवांची सोय काय लावावी, याचा करार नव्या परवानगीच्या आधीं व्हावयास हवा. काम पुरें झाल्यावर हा प्रश्न विचारणारास कोणी उत्तर देत नाहीं. पाण्याच्या वांटणीचा प्रश्न वेळेवर न सुटल्यास काय होतें तें ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें पवनेच्या बंद नळाच्या आंदोलनांत गोळीबार होऊन तीन जीव गेले तेव्हां आपण पाहिलें आहे.

विचारण्याची जागा ठरलेली आहे. विजेच्या दराचे अर्ज राज्य वीज नियामक आयोगापुढें आले म्हणजे त्यांची जाहिरात मराठी वर्तमानपत्रांत येते, अर्जाचा सारांश मराठींत मिळतो, आणि कोणाहि ग्राहकास लेखी हरकत पाठवून सुनावणींत तोंडी बोलतां येतें. वकील लागत नाहीं. हरकत लिहितांना भावनेचीं वाक्यें थोडीं व आंकडे अधिक असावेत. आपला ग्राहक क्रमांक, पंपाची शक्ति, मीटरचें वाचन, पाणी किती दिवस व किती तास मिळालें, ही माहिती तारीखवार जोडावी. धरणाच्या पाण्यासंबंधींचा अर्ज निराळा, जलसंपदा खात्याकडे ; आणि जमीन जाणार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणें सामाजिक परिणामांची जी सुनावणी गांवांत होते तिच्या वृत्तांताची नक्कल सहीशिक्क्यानिशीं मागून घ्यावी. मुदत प्रत्येक जाहिरातींत दिलेली असते. ती संपल्यावर आलेला कागद फाइलीस लागतो, विचारांत घेतला जात नाहीं.